दार कुणालाच बंद नाही

१२ ऑक्टोबर १९२४
आज कॉलेजातल्या सगळ्या मंडळांची – एका घरात मिळून राहणाऱ्या-जेवणाऱ्या पोरांच्या गटांची – आमंत्रणं निघाली. दाराखालून पाकिटं सरकली – माझ्या दाराखालून नाही! तीनदा वाकून पाहिलं. एकदा तर चटई उचलून.

बाहेर पायऱ्यांवर आणखी दोघे तसेच बसलेले. ऑर्विल – त्याचा बाप चर्चची झाडलोट करतो. आणि स्टेफन हुडाक – बाप यंग्सटाउनला पोलादाच्या कारखान्यात. स्टेफनच्या आईने खसखशीचा गोड पाव पाठवला होता. त्याचे त्याने तीन तुकडे केले. "सुतकी तोंडं कसली करताय लेको? त्यांनी नाही घेतलं, तर आपलं आपण काढू."
"काय काढू?"
"मंडळ!"
लाँड्रीच्या बिलामागे त्यानेच नियम लिहिला – 'आपलं दार कुणालाच बंद नाही.' तिघांनी सह्या केल्या. आज पहिल्यांदा इथे पोटभर हसलो.

५ नोव्हेंबर
सात झालो!

२० सप्टेंबर १९२५
मंडळाला भाड्याने घर मिळालं. दार स्टेफनने लाल रंगवलं, अर्धा रंग स्वतःच्या केसांना.

९ डिसेंबर
स्टेफनच्या बापाचा पाय यंत्रात गेला. त्याच्या जागी कामावर हा चालला. "वर्षभरात येतो, मर्ल. माझी खाट कुणाला देऊ नकोस."

खाट मार्चमध्ये दिली. पोरं वाढली, काय करणार! (हे नंतर लिहितोय.)

१८ एप्रिल १९२६
नवीन आलेला लाइल – बँकवाल्याचा मुलगा – जेवताना म्हणाला, "मंडळाची कल्पना तुझीच ना?" मी हसलो. नाही म्हटलं नाही.

२ मे
आता गोष्ट मीच सांगतो. पायऱ्यांवर मी बसलेला, कल्पना माझी, आणि खसखशीचा पावसुद्धा माझ्याच आईचा! आईने जन्मात खसखस आणली नाही घरात. पोरं मात्र रंगून ऐकतात. ऑर्विल ताटात बघत होता. त्याच्याकडे बघवलं नाही.

२६ सप्टेंबर
देशभर शाखा असलेल्या मोठ्या मंडळाने आम्हाला सामावून घेतलं. दारावर त्यांच्या नावाची ग्रीक अक्षरं लागली. सोबत एक लाकडी पेटी आली – पांढऱ्या आणि काळ्या गोट्यांची. नव्या मुलावर मत द्यायचं ते पेटीत, पडद्याआड हात घालून. एक जरी काळी निघाली तरी मुलगा बाद. कुणाची, ते विचारायचं नाही.

अध्यक्ष मी. सभासदांची यादी मीच पाठवली. यादीत नाही त्याला पेटीतून यावं लागणार. स्टेफनचं नाव लिहायचं राहिलं.

राहिलं नाही. लिहिलं नाही.

१४ जानेवारी १९२७
स्टेफन परत आला. हातांवर भाजल्याचे डाग. लाइल म्हणाला, "हे हात घेऊन आमच्या नाचाला येणार?"
"हात घरी ठेवून येईन की," स्टेफन म्हणाला. सगळे खो खो हसले. लाइलही.

मी त्याला पेटीचं सांगितलं. "माझ्यावर मत? गंमतच आहे!"

एका नव्या पोराने त्याला विचारलं, मंडळ कसं सुरू झालं हो? स्टेफन म्हणाला, "मर्लला विचार. तो छान सांगतो."

१६ जानेवारी, रविवार
दुपारच्या जेवणानंतर मतं. पेटी उघडली. सत्तावीस पांढऱ्या. एक काळी.

सगळ्यांचे डोळे लाइलवर. "अरे, मी पांढरी टाकली! देवाशपथ!" कुणाला पटेना. मी अध्यक्षाची हातोडी टेबलावर आपटली – "कुणाची ते विचारायचं नाही!" किती जोरात आपटली मी.

काळी माझी होती. इथे तरी लिहितो. स्टेफनने तोंड उघडलं असतं तर माझी गोष्ट संपली असती, म्हणून टाकली. शी!

१७ जानेवारी
स्टेफनला सांगायला गेलो तर तो त्याच पायऱ्यांवर. "एकच ना?" म्हणाला. "लाइलवर डूख धरू नकोस. पोर आहे ते." मग माझ्या पाठीवर हात – "तुला किती वाईट वाटत असेल, कळतं मला."

माझी समजूत घालत होता! दुपारच्या गाडीने गेला.

१९ जानेवारी
लाइलशी कुणी बोलत नाही. ताट घेऊन एकटा बसतो. मी मीठ मागितलं, त्याने दिलं.

२० जानेवारी
स्टेफन ऑर्विलकडे एक गाठोडं ठेवून गेला होता, घराला भेट म्हणून. ते आज उघडलं. पोलादाची पाटी, हाताने कोरलेली – 'आपलं दार कुणालाच बंद नाही.' खाली 'संस्थापक', आणि दोनच नावं. माझं. ऑर्विलचं.

"त्याचं कुठाय?"
ऑर्विल म्हणाला, "तू काय सांगत फिरतोस ते मी त्याला गेल्या मे महिन्यातच पत्रात कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं – सांगू दे रे, तेवढंच त्याला बरं वाटतं."

खाली सगळे जेवायला बसलेत. लाइलही आहे. पाटी घेऊन जातो, ही वहीसुद्धा.