छत्री सोडून कुठंबी

तात्या,

परवा आपल्या घरी मतपेटी आली. तुम्ही ज्या पेटीसाठी उन्हातान्हात गावोगाव फिरलात, ती परवा आपणहून, लिफ्टमध्ये बसून, राजारामपुरीतल्या माझ्या फ्लॅटवर आली, आणि आली ती आईसाठी. आता म्हाताऱ्या माणसांचं मत घरी येऊन घेतात. पेटीबरोबर एक तरुण बाई होत्या, कुठल्याशा शाळेत शिक्षिका. एक कारकून, एक पोलीस आणि चित्रण करणारा एक मुलगा. त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला जरा बाजूला सारून, पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आई सकाळपासून ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून तयार बसली होती. मी मदतीला म्हणून तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो, तर म्हणाली, "तू कशाला? माझं मला कळतंय. भाईर जा." संस्कृतचा प्राध्यापक, दोन नातवंडांचा आजोबा असा मी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन उभा राहिलो. आत वेळ लागत होता. बाईंनी "आजी, झालं का?" म्हणून हळूच विचारलं, तर आतून उत्तर आलं, "थांब की जरा. पाच वर्सानं एकदा येतासा, घाई कसली?"

झाल्यावर तिनं पाकीट स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं आणि त्या बाईंना बसवून घेतलं. मधली कितीतरी वर्षं ती बटण दाबत आली होती. हाती पुन्हा कागद आला याचं तिला अप्रूप वाटत होतं. मग तिनं त्यांना पहिल्या निवडणुकीची पद्धत समजावून दिली. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा नसे. आडोशामागं प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी मांडलेली असे, पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र चिकटवलेलं, आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद सोडायचा. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "मग आजी, तुम्ही तेव्हा कुठल्या पेटीत टाकलं होतं?" आई म्हणाली, "च्या घेणार का तुम्ही?"

ती निवडणूक मी पाहिली नाही. मला जन्माला यायला बराच अवकाश होता. पण तुमच्याकडून इतक्यांदा ऐकली की मीच तुमचा प्रचारप्रमुख होतो असं कधी कधी वाटतं. संस्थान विलीन होऊन फार दिवस झालेले नाहीत. कालपर्यंत राजाची प्रजा असलेली माणसं आज एकदम मतदार झाली आहेत आणि मुंबई राज्याची विधानसभा नावाचं काहीतरी भरवायचं आहे. आणि शेतकऱ्याच्या घरात जन्मून संस्कृत शिकलेला, हायस्कुलात शब्दरूपं घोकून घेणारा एक तरुण मास्तर ठरवतो, की आपण उभं राहायचं. कुठल्या पक्षाकडून नाही, अपक्ष. चिन्ह मिळालं छत्री. थंडीचे दिवस, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि तुम्ही उघडी छत्री डोक्यावर धरून हातकणंगल्याच्या बाजारात भाषण करताय. वाक्य सुरू व्हायचं तेव्हा समोर बसलेला माणूस तंबाखू मळायला घ्यायचा, आणि क्रियापद यायचं तेव्हा तो थुंकून परत आलेला असायचा. हे मी नाही म्हणत, तुम्हीच सांगायचात. एकानं मागून ओरडून सांगितलं म्हणे, "मास्तर, पावसाळ्यापतुर थांबा की, मग बघू." तुम्ही त्यालाही गंभीरपणे उत्तर दिलंत, की लोकशाही ही ऋतूवर अवलंबून नसते. आपल्या घराण्यात संस्कृत दोन पिढ्या टिकलं तात्या, पण त्यानं मतं कुणालाच मिळवून दिली नाहीत.

हरलात यात नवल नव्हतं. पुरुषांच्या केंद्रांवर थोडीफार मतं पडली. विद्यार्थ्यांचे बाप होते, काही भाऊबंद होते. अनामत जायची ती गेली. पण गोष्ट तुम्ही सांगायचात ती बायकांच्या केंद्राची. आपल्याच गल्लीतल्या, आपल्याच पाणवठ्यावरच्या बायकांचं ते केंद्र. मोजणीच्या टेबलावर तिथली छत्रीची पेटी आली. अधिकाऱ्यानं सील तोडलं, झाकण उघडलं, आत पाहिलं, तुमच्याकडं पाहिलं. मग बिचाऱ्यानं पेटी उलटी केली आणि पिठाचा डबा झटकावा तशी बुडावर थाप मारली. काही नाही. एक कागद नाही. तुम्ही तो थापेचा आवाज काढून दाखवायचात, जेवताना, पाटावर हात आपटून, आणि सगळ्यांत मोठ्यानं स्वतःच हसायचात. आई वाढायला वाकलेली असायची आणि पदर तोंडावर घेऊन आत जायची. मला वाटे, तिला लाज वाटते आहे. गल्लीतल्या दुसऱ्या कुणी नाही तर नाही, पण त्या पेटीत निदान एक कागद हवा होता, आणि तो कुणाचा हे पाहुण्यांपैकी प्रत्येकाच्या मनात येऊन जायचं. तोंडानं कुणी विचारत नसे.

मी एकदा विचारण्याच्या जवळ गेलो होतो. सातवी-आठवीत असेन. आई दळण आणायला गेली होती. सोप्यात तुमचे दोन शाळासोबती बसले होते आणि मी चहा नेऊन देताना शहाणपणा केला: तात्यांना घरचंही मत पडलं नाही, असं म्हणून हसलो. ते दोघंही हसले. तुम्ही हसला नाहीत. मला जवळ बोलावलंत. आवाज चढवला नाहीत, त्यामुळं मी जास्त घाबरलो. म्हणालात, "एक-दोन मतं कुणालाही पडतात. चुकूनसुद्धा पडतात. शून्य पडायला मात्र कुणीतरी मेहनत घ्यावी लागते. दुसऱ्याच्या मेहनतीला हसू नये." मला ते काहीतरी तत्त्वज्ञान वाटलं. तुमची निम्मी वाक्यं मला तशीच वाटत, आणि निम्म्यांचा अर्थ परीक्षेला येत नसल्यामुळं मी तो लावायच्या भानगडीत पडलो नव्हतो.

तर परवा. माणसं गेली, पेटी गेली. आई आणि मी टेबलाशी चहा पीत बसलो. माझी सून बँकेतून यायची होती, घरात आम्ही दोघंच. आईनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं पाठ होईल अशी खुर्ची थोडी फिरवून घेतली.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "त्यांची ती बायकांच्यातली पेटी रिकामी निघाली न्हवं का. ती मी रिकामी केलती."

"म्हणजे तू त्यांना मत दिलं नाहीस?"

"माझं एकटीचं घिऊन काय बसलास? कुणालाच दिऊ दिलं न्हाय."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, बशी हातात धरून, चहा निवेपर्यंत. तुम्ही निवडून आलात तर मुंबईला जाणार, एवढंच तिला त्या सगळ्या प्रकरणातलं कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. तिचा थोरला भाऊ, ज्या मामाला मी कधी पाहिलं नाही, तो कुरुंदवाडहून मुंबईच्या गिरणीत गेला होता. वर्षभरात येतो म्हणून गेला. "त्यो मानूस हुता, त्याची मनिऑर्डर झाली," आई म्हणाली. दर महिन्याला यायची, मग दोन महिन्यांनी, मग तीही थांबली. वहिनी माहेरी परत गेली. आई हे पाहून आपल्याकडं नांदायला आली होती. नवऱ्याला 'उभं राहू नका' म्हणायची सोय नव्हती. तुम्ही तिला लोकशाही समजावून सांगितली असती आणि ती ऐकता ऐकता भाकरी करपली असती. तेव्हा तिनं दुसरा मार्ग धरला.

काकणं भरायला घरोघर फिरणाऱ्या मणेर चाची तुम्हाला आठवत असतील. त्या आईच्या मैत्रीण. संक्रांत तोंडावर आलेली, गल्लीतली प्रत्येक बाई काकणं भरायला बसणार. आईनं चाचींना आपलं दुखणं सांगितलं. चाची म्हणाल्या, "फिकर कशाला करती? हात माझ्या हातात आला की बाई जाती कुठं?" काकण अर्ध्या हातावर चढलेलं असताना कुणाला उठून जाता येत नाही, हे तुमच्या कुठल्याच सभेला जमलं नव्हतं. गल्लीतलं एकही घर सुटलं नाही. आणि निरोप काय द्यायचा, तर आईला तुमचं नाव घेता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही, अजून घेत नाही. म्हणून तिनं तुमचं चिन्ह घेतलं. निरोप गेला तो असा: "छत्री सोडून कुठंबी टाका."

तात्या, तुमच्या भाषणात एक वाक्य पुरं व्हायला बाजार उठायचा. हिचा सगळा जाहीरनामा चार शब्दांचा. शिवाय तुम्ही काय केलंत, तर प्रत्येक घराच्या ओसरीवर बसून घरातली सगळी मतं कर्त्या पुरुषाकडं मागितलीत. आत चुलीपाशी बसलेल्या बाईलाही एक मत आहे, हे तुम्ही भाषणात सांगितलंत, आत जाऊन तिला विचारलं नाहीत. कुणीच विचारलं नव्हतं. त्या बायकांकडं जन्मात पहिल्यांदा कुणी मत मागितलं असेल तर ते आईनं, आणि तेही न देण्यासाठी. एका म्हातारीनं तेवढी शंका काढली होती म्हणे: तुझ्याच घरचं माणूस आणि तूच पाडतीस? आई म्हणाली, "घरचं हाय म्हणूनच." म्हातारी समजली.

"पण आई," मी म्हटलं, "ते असेही हरणारच होते."

"मला काय म्हाईत त्यांची ताकद? मी आपला पुरा बंदोबस्त केला."

निकालाच्या दिवशी तुम्ही घरी आलात ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही पाय धुतलेत. नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्लीत. पेटीची हकीकत सांगितलीत, बुडावरच्या थापेसकट, पण तिच्याकडं न बघता. मग खुंटीवरची ती प्रचाराची छत्री काढलीत आणि तिच्या हातात दिलीत. म्हणालात, "ही तुझ्याकडं असू दे. ही तुझीच." पुढं वर्षानुवर्षं ती छत्री आईनं वापरली, दांडा दोनदा बदलून आणला, हे मीही पाहिलं आहे. "त्यांचं मनच मोठं," आई म्हणाली. "हरल्यावरबी मला काय तरी द्यावं वाटलं. त्यांना बिचाऱ्यांना काय पत्ता." दळण आणायला गेलेली आई, सोप्यातले दोन पाहुणे, आणि तुमचं ते वाक्य, इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यात सरळ उभं राहिलं. अन्वय लागायला मला साठी गाठावी लागली. तुम्ही असतात तर गुण कापले असतेत.

आईनं मग जरा वेळानं विचारलं, "त्यांना लई वाईट वाटलं असंल का रं?" हा प्रश्न तिनं किती वर्षं जवळ ठेवला होता कोण जाणे. बाकी सगळं सांगताना ती त्या चाचींसारखी रंगात आली होती. एवढं विचारताना मात्र माझ्याकडं नीट बघत होती.

"नाही वाटलं," मी म्हणालो.

"तुला काय म्हाईत? तू जन्मला तरी हुतास व्हय?" असं म्हणाली खरी, पण तिनं निवलेला चहा एका घोटात संपवला आणि तिचा चेहरा मोकळा झाला. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, हे मी तिला सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. पण या बाईनं उभ्या आयुष्यात एकच निवडणूक लढवली आणि ती निर्विवाद जिंकली. पडलेल्या उमेदवाराला सगळं कळलं होतं आणि त्यानं हसत हसत पडून घेतलं, असं आता जाहीर केलं तर निकालच फिरतो. इतक्या उशिरा फेरमोजणी कशाला?

त्यात तिनं मला बजावून ठेवलं आहे. उठताना फोटोकडं मान करून म्हणाली, हे त्यांच्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. मी म्हटलं, आई, त्यांना जाऊन किती वर्षं झाली. तर म्हणाली, "म्हणून काय झालं? गुप्त म्हंजे गुप्त." तेव्हा हे पत्र तुमच्यापर्यंत येणार नाही ते पत्त्याअभावी नव्हे, मी शब्द दिला आहे. तिचं तुमच्यापासून लपलेलं आणि तुमचं तिच्यापासून लपलेलं, दोन्ही सध्या माझ्यापाशी आहे, आणि सील शाबूत आहे.

आत्ता ती आतून विचारते आहे, एवढं काय लिहितोयस. वीज मंडळाला तक्रार लिहितोय म्हणून सांगितलं. म्हणाली, मोठं वाक्य लिहू नको, वाचत न्हाईत.

तुम्ही मुंबईला गेला नाहीत. संध्याकाळी शाळा सुटली की सायकल भिंतीला टेकवून घरात यायचात, हात धुवायचात आणि ताटावर बसून मला रूपं विचारायचात. मी चुकायचो, आई तुम्हाला "जेवू तरी द्या त्याला" म्हणायची. अशी रोजची संध्याकाळ मला मिळाली. म्हणून एवढंच कबूल करतो: मी त्या वेळी असतो, मला मत असतं, आणि हातात कागद घेऊन त्या आडोशामागं तुमच्या पेटीसमोर उभा असतो, तर मीही छत्री सोडूनच टाकलं असतं.