टाचणीचं निमित्त

मंगळवार, ४

हात लावू दिला नाही! माझ्याच नातवाला! सुनेने बाळ छातीशी धरलं आणि म्हणाली, "आई, ओठाचं बरं होईपर्यंत नको." कालची पोर. मुलगा शेजारीच उभा, बाळाचं टोपडं नीट करत. ओठाला काय झालंय? टाचणी लागली असेल. शिवताना दोन्ही हातांत कापड असतं. टाचण्या ओठांत नाही तर काय कानात धरू?

बुधवार, ५

एक फोड होता, आता घोस झालाय. बारीक, पाणी भरलेले. चहाचा घोट म्हणजे निखारा. शिवणाच्या कारखान्यात काजं करणारी म्हणाली, ताप ओठावर फुटलाय, परवा आलेला ना तुला. टूथपेस्ट लाव म्हणाली. लावली — नुसती आग आग! तिने सांगावं आणि मी ऐकावं! कटिंग मास्तरने टाचण्यांचा डबा उचलला आणि टाचण्या खोचायला मनगटावर बांधायची गादी दिली. तोंडातल्या टाचण्या गिऱ्हाइकाच्या कपड्याला नकोत म्हणे. आजवर चालत होत्या ते?

गुरुवार, ६

बाळ आत रडतंय. मी बाहेर भांडी आपटतेय.

शुक्रवार, ७

डॉक्टरीणबाईंकडे गेले. सुनेला खोटं पाडायलाच गेले. म्हटलं, टाचणी लागली असं लिहून द्या. बाईंनी दिवा धरून बघितलं. टाचणीने असा घोस उठत नाही, म्हणाल्या. ओठ चावला गेला तर एखादी मऊ गाठ येते, लिपस्टिक सोसली नाही तर ओठ सोलवटतो, रक्त कमी असलं तर तोंडाचे कोपरे चिरतात. आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली तर ती दाखवायचीच, अंगावर काढायची नाही. माझा हा विषाणू. एकदा शिरला की अंगातच मुक्काम. ताप, ऊन, जागरण, त्रागा — निमित्त मिळालं की वर येतो. त्रागा म्हणताना माझ्याकडेच बघत होत्या!

गोळ्या दिल्या. पुन्हा ओठ चुरचुरला तर फोडाची वाट बघायची नाही, लगेच घ्यायच्या. मी विचारलं, बाळाचं काय? त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला हा नुसता फोड आहे. तान्ह्याच्या जिवावर बेततो. पापा घ्यायचा नाही."

हात धुऊन, तोंड बांधून मांडीवर घेतलं तर चालेल म्हणाल्या. पण मला माझाच भरवसा नाही. ते डोकं जवळ आलं की तोंड आपसूक खाली जातं.

रविवार, ९

बाळाचं अंग गरम लागलं. मुलगा-सून दवाखान्यात धावली. सून जाताना माझ्या ओठाकडे बघून गेली. बोलली असती तर बरं.

आली. जास्त गुंडाळलं होतं, बाकी काही नाही. मी मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

रविवार, १६

खपली पडली. खाली गुलाबी कातडी. सून बाळाला घेऊन माहेरी गेलीय. मी आपणहून मागणार नाही! आल्यावर तिनेच द्यावं.

रविवार, ३०

आले मायलेक माहेराहून. दारातच तिने बाळ पुढे केलं, "घ्या ना, आई." मी हात मागे घेतले. तिचं तोंड उतरलं. "अजून राग आहे?"

ओठावर काही दिसत नव्हतं. सकाळपासून नुसतं चुरचुरतंय. मी पदराने तोंड झाकलं आणि तिला गोळ्यांची पट्टी दाखवली.