पोथीवरचं हळदीचं बोट

मंगळवार

डोकं फिरलंय आज. दिघाशीच्या तानूकाकींच्या घरातल्या हस्तलिखित पोथीची हुबेहूब प्रत करायची होती. हुबेहूब म्हणजे अक्षरं, कसरीने पाडलेली भोकं, आणि पहिल्या पानावर कुणीतरी पूजेत टेकवलेलं ते हळदीचं बोटसुद्धा. काकींना प्रत देऊन झाली आणि आज माझ्याकडची दुसरी प्रत उघडली, तर बोट गायब! नारपोलीच्या प्रेसमध्ये स्कॅन करणाऱ्या अस्लमला विचारलं, तर म्हणतो, "मॅडम, गंदा दिख रहा था, साफ कर दिया." वर मूळ स्कॅनही उडवलेला. आणि मी? प्रूफ बघताना नुसती अक्षरंच बघत बसले.

म्हटलं, ते एक पान पुन्हा स्कॅन करू. तशीच दिघाशीला गेले. काकी हसत म्हणाल्या, "नवी आली ना ताई, मग जीर्ण पोथी घरात ठेवाची न्हाय. परवा नदीत सोडली. नारळ पन वाहिला."

पोथी टिकावी म्हणून प्रत केली, आणि प्रत झाली म्हणूनच पोथी बुडाली. ओरडू कुणावर? काकींनी रीत पाळली. मग मी प्रत केली, हाच गुन्हा?

निघताना दिवाबत्तीची वेळ झाली होती. काकींनी ती माझी साफसूफ प्रत पाटावर ठेवली, हळदीत बोट बुडवलं आणि पहिल्या पानावर टेकवलं. बरोब्बर त्याच जागी.

म्हणजे हीसुद्धा एक दिवस नदीतच जाणार.