मऊ रबर

३ मार्च
आलो एकदाचे! बदलीच्या गावी घर मिळेपर्यंत मुक्काम बायकोच्या थोरल्या बहिणीकडे. ताईंनी माडीवरची उजेडाची खोली दिलीय. साडूंना सगळे नातेवाईक 'कॅप्टन' म्हणतात. जन्मभर पाण्याचे पंप विकले. विमानात बसले ते प्रवासी म्हणून, तेही खिडकीसाठी भांडून. पण जुन्या लढाऊ विमानांच्या सामानाचा संग्रह असा, की बघत राहावं. त्यातलं खरं-खोटं मी निवडून द्यायचंय. माझाही संग्रह आहे. दोन खोक्यांत मावतो. बायकोनं ते जेवताना सगळ्यांना सांगितलं, हसत हसत.

५ मार्च
काम सुरू. होकायंत्रं, उंचीमापकं, वैमानिकांचे लोकरी अस्तराचे बूट. माझी पद्धत साधी: आधी शिवण, मग शिक्का, मग वास. शेवटी अतिनील दिवा. त्याच्याखाली नवा दोरा पांढराशुभ्र चमकतो, जुना गप्प राहतो. एक जाकीट नकली निघालं. खोटं कशाला बोलू, मनातून गुदगुल्या झाल्या. कॅप्टन मात्र खुशीत म्हणाले की, जाणकार माणूस घरात असावा तो असा. तेही टोचलंच.
जिना चढताना त्यांना भयंकर धाप लागते. ओठ निळे पडतात. डॉक्टरांना काही सापडत नाही म्हणे.

८ मार्च
आज काचेचं कपाट उघडलं. आत एकच वस्तू. वैमानिकाची चामडी टोपी, आणि तिला पुढून जोडलेला प्राणवायूचा रबरी मुखवटा, लोंबत्या नळीसकट. शिवण खरी. शिक्का खरा. दोरा गप्प. अशी वस्तू मी फक्त फोटोत पाहिली होती. पंप विकणाऱ्या माणसाला ही मिळावी!
एकच गोष्ट खटकली. इतक्या वर्षांचं रबर हात लावताच तडकायला हवं. हे मऊ होतं, गालासारखं. आणि आतून दमट.
जेवताना मी सरळ सांगून टाकलं की टोपी नकली आहे, रबर नवंकोरं आहे. कॅप्टननी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुम्हीच ठेवून घ्या ना. पण मनापासून हवीय ना तुम्हाला?"
मी हो म्हटलं. त्यांना जराही वाईट वाटलं नाही, याचाच मला राग आला.

११ मार्च
टोपी मला मापानं शिवल्यासारखी बसते. कॅप्टनचं डोकं कलिंगडाएवढं, पण त्यांनाही अशीच बसायची, असं ताई म्हणतात.
आज कॅप्टन दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले, शीळ घालत. बायको म्हणाली, भाऊजी किती तरुण दिसायला लागलेत. दिसायला लागलेत! तिला बरं दिसतं सगळं.
मला जिन्यात दोनदा बसावं लागलं.

१४ मार्च
नखं निळसर झालीत. ऑफिसात साधी वाक्यं सुचत नाहीत. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे. घरी येऊन मुखवटा चढवला आणि एकदम मोकळं वाटलं. नळी कशालाच जोडलेली नाही, टोक माझ्या मांडीवर पडलेलं. तरी आतून गार हवा येते.
गंमत म्हणून श्वास रोखून पाहिला.
मुखवटा श्वास घेतच राहिला.

१६ मार्च
दुपारी कॅप्टन आले, दार लोटून घेतलं. म्हणाले, त्यांनीही ती टोपी एकाकडून अशीच हट्टानं मागून घेतली होती. ज्याला हवी असते त्यालाच ती धरते. ती दम शोषते हा आपला भ्रम असेल असं वाटून त्यांनी मला देऊन टाकली, पण आता माझा चेहरा बघवत नाही. "मला परत द्या. माझं काय व्हायचं ते होईल. तुमच्या बायकोकडे बघा जरा."
डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.
कळलं मला. खरी आहे हे कुणीतरी सांगितलं असणार. म्हणून हे नाटक.
नाही देणार.

१७ मार्च
बायकोनं मुखवटा ओढून काढला. गालाची थोडी कातडी निघून आली— दुखलं नाही. ती रडत होती. पण रडता रडता आत वाकून बघत होती. तिलाही हवाय. पाहिलं मी. हिसकावून घेतला.

१८ मार्च
आतून कडी लावलीय. कॅप्टन दार ठोठावतोय. परत दे म्हणतो— केवढी लांब वाक्यं— एवढा दम त्याच्याकडे. मला दोन शब्दांचा—
डोकं हलकं. हात कुठे ते—
आत कोणीतरी आहे. माझ्या आधी घेतो श्वास. मग उरलेला मला. कोण तू? तुझा नाही हा. मला दिलाय. मी मागितला— मी—
सरक. माझी हवा आहे ती. सगळी नको घेऊस, थोडी तरी मला—