पुढचा नंबर तुझा

प्रिय हातानो,

तुझं पत्र पोचलं. आपल्या सुवा गावच्या तळ्यावर यंदा बर्फ नीट धरला नाही, कारखान्याच्या कॅन्टीनमधलं सूप पुन्हा पातळ झालं, ओनुकीसाहेबांनी चष्मा बदलला, सगळं लिहिलंस. पुढच्या महिन्यात माझं वर्ष संपतंय आणि आपल्या विभागातून लाओसला यायचा नंबर आता तुझा आहे, एवढंच लिहायचं राहिलं. बाकी पत्र अगदी सविस्तर आहे हो!

मंदी आहे म्हणून कोणाला घरी बसवायचं नाही, त्याऐवजी प्रत्येक विभागातून एकाने आळीपाळीने वर्षभर परदेशात सेवेला जायचं, पगार थोडा कमी पण नोकरी शाबूत, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा तू माझ्या शेजारीच उभा होतास. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला तो काही शूर म्हणून नव्हे. एकटा जीव, मागे रडणारं कोणी नाही. तरी विमानात बसताना मनात पाल चुकचुकलीच, की गोड बोलून आपल्याला बाहेरची वाट तर दाखवली नाही ना? तुझ्याही मनात तेच असणार. ती भीती काढून टाक. साहेब अधूनमधून फोन करतात, आणि माझ्या लेथ मशीनला अजून कोणाला हात लावू देत नाहीत.

मी शिकवतो ती तांत्रिक शाळा म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. मुलं चलाख, पण घाई फार. माप घ्यायच्या आधीच "झालं, गुरुजी!" म्हणून ओरडतात. मुख्याध्यापक खाम्फोन फार भला माणूस. सुरुवातीला मात्र मी त्यांचा जीवच काढला. साहेब उठल्याशिवाय आपण उठायचं नाही, हे आपल्या जपानी हाडात मुरलेलं. शाळा सुटली तरी खाम्फोन आपल्या खोलीत बसून असत, म्हणून मीही शेडमध्ये बसून राही, पुसलेली हत्यारं पुन्हा पुसत. मनात म्हणे, काय कामसू माणूस आहे! आणि ते बिचारे पाहुण्याला एकटं टाकून कसं जायचं म्हणून अडकलेले! असे कित्येक आठवडे आम्ही एकमेकांचा मान राखत उपाशी बसलो. शेवटी एका संध्याकाळी त्यांची बायको चंथाला तरातरा आली. "अहो, तुम्हाला घरदार आहे की नाही?" नवऱ्याला झाडून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. "आणि भाऊ, तुम्ही काय यंत्रं उबवत बसलाय? चला जेवायला!" मला त्यांची भाषा जेमतेम येत होती, पण एवढं नीट कळलं.

तेव्हापासून रोज त्यांच्याकडेच जेवतो. टोपलीतल्या चिकट भाताचा हाताने गोळा करायचा, सोबत भाजलेला मासा, आणि कच्च्या पपईची कोशिंबीर इतकी तिखट की डोळ्यांतून धारा लागतात. चंथाला म्हणते, "रडा भाऊ, पण काही टाकू नका." तिकडे मी रोज टीव्हीसमोर एकटा जेवायचो आणि त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आता आठवलं की वाटतं. मी इथे सुखात आहे, हातानो. असं उघड लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

तुला वाटत असेल, मोरिवाकी गोडगोड लिहून मला इकडे यायला पटवतोय. तसं नाही. मागच्या फोनवर बोलता बोलता साहेब अडखळले. "हातानो काही बोलायचा नाही," म्हणाले, "पण त्याच्या बायकोला, हिरोएला दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठूसुद्धा नका म्हणून सांगितलंय." कोणाला कळू देऊ नका म्हणालास म्हणे. नंबर आला की बॅग भरून निमूट निघणार होतास ना, गाढवा? मी त्याच फोनवर आणखी एक वर्ष मागून घेतलं, आणि आज वरून होकार आला. विभागातला एकजण बाहेर असला की झालं, तो मी आहे. उपकार मानू नकोस आणि बिस्किटांचे डबे तर मुळीच पाठवू नकोस, मला इथून हलायचंच नव्हतं. पत्र वाचून झालं असेल तर घरी जा आणि हिरोएला सांग, तू कुठेही जात नाहीयेस.

तुझाच,
मोरिवाकी