सांदवल कुठे आलं?

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

पिन पाठवा म्हणे!

निमिषचा फोन, अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाहून, बेलव्ह्यूहून. डिसेंबरची तिकिटं बुक केली. तो, सूनबाई, नात उर्वी आणि मी. आधी पुणे, मग कोकण, आणि मग — "बाबा, आपलं गाव. धरणात गेलंय, मान्य. पण काठावर तर उभं राहता येईल ना? उर्वीला बघायचंय. तुम्ही फक्त लोकेशनची पिन पाठवा, ड्राइव्ह मी प्लॅन करतो."

पाठवतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घ्या आता उल्हासराव! सांदवल धरणात गेलेलं नाही. सांदवल नावाचं गावच नाही. कुठेच नाही, कधीच नव्हतं. मी सांगलीकडच्या एका बालकाश्रमातला पोर. कोणी आणून ठेवलं, कोणाला ठाऊक नाही. शाळेत घालताना फॉर्मवर आडनावाची जागा रिकामी होती. आश्रमाचे गुरुजी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि मग लिहिलं — सांदवलकर. मी टेबलाशी उभा होतो, सहा वर्षांचा. त्याआधी मी नुसताच उल्हास.

सुहासिनीला लग्नाआधी सांगितलं होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता हे माहीत असणारा मी एकटाच.

५ ऑक्टोबर, रविवार

पिन पाठवली नाही. 'कामात होतो' असं कळवलं. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, कसलं डोंबलाचं काम!

८ ऑक्टोबर, बुधवार

शेजारच्या फिलोमेनाबाई कागदांचं खोकं घेऊन दारात. फिलोमेना ब्रिनाल्बा, वय वर्षं शहाऐंशी, लग्न केलं नाही, चाळीस वर्षं शाळेच्या कॅफेटेरियात पोरांना जेवू घातलं. अजूनही माझ्या ताटात डोकावून "एवढंच?" विचारतात.

"तू इंजिनियर आहेस. माझं आडनाव कुठून आलं ते कॉम्प्युटरवर शोधून दे. मी गेले की या भागातला शेवटचा ब्रिनाल्बा गेला. त्याआधी मला आमचा राजवाडा कुठे होता ते कळायला हवं."

राजवाडा! त्यांच्या दिवाणखान्यात एक ढाल टांगली आहे. सिंह, दोन तलवारी, खाली 'ब्रिनाल्बा' सोनेरी अक्षरांत. वडिलांनी पोस्टाने मागवलेली. आपल्याकडे कसा दर तिसरा माणूस 'आम्ही मूळचे सरदार' सांगतो, तसलंच. मनात हसलो, आणि लगेच हसू गेलं. मी कोण हसणारा? त्यांची निदान ढाल तरी आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

आडनावांची एक साइट आहे. नाव घाला, की जगाच्या नकाशावर त्या नावाची माणसं ठिपक्यांनी उमटतात. ब्रिनाल्बा घातलं. आधी इटलीच्या पायथ्याशी चार ठिपके आले. मग अर्जेंटिना. मग ब्राझील — किती ते! मग बेल्जियम, मग पार खाली ऑस्ट्रेलिया, मग आमची अमेरिका. फिलोमेनाबाई माझ्या खुर्चीला धरून उभ्या होत्या. "हे सगळे... आम्ही?" म्हणाल्या. माझ्याही तोंडाचा आ!

एकूण अकराशे एक्केचाळीस. त्यातले इटलीत फक्त अठ्ठ्याहत्तर. घरी अठ्ठ्याहत्तर आणि बाहेर हजारावर!

त्यांच्या खोक्यातले कागद आणि नकाशा जुळवत बसलो, तर गोष्टच उलगडत गेली. डोंगरातलं दगडी गाव. जमीन मुलांत वाटता वाटता अंगणाएवढी उरलेली. एक भाऊ ब्राझीलला कॉफीच्या मळ्यात गेला. दुसरा अर्जेंटिनाला रेल्वेवर. फिलोमेनाबाईंचे आजोबा इथे वूस्टरला तारेच्या कारखान्यात. पुढच्या पिढीतले बेल्जियमला कोळशाच्या खाणीत, काही ऑस्ट्रेलियात ऊस तोडायला. एक जण गेला की त्याचं पत्र यायचं, आणि पत्रामागून चुलतभाऊ त्याच गल्लीत हजर. आपलं तरी वेगळं काय? एक पुणेकर बेलव्ह्यूला चिकटला की मागून अख्खी बॅच.

जेवायचं भान राहिलं नाही. एवढी माणसं! एकमेकांची भाषा कळत नाही, तोंड पाहिलेलं नाही, आणि सगळ्यांच्या दारावर पाटी एकच.

गावच्या नोंदणी कार्यालयाला मेल टाकली आहे, सर्वांत जुनी नोंद मिळेल का म्हणून.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निमिषचा मेसेज — "बाबा, पिन?"

१४ ऑक्टोबर, मंगळवार

धरणाची थाप कुठून आली तेही एकदा लिहून टाकतो.

१९७९, इथला, श्रूजबरीतला आमचा पहिला गणपती. वीस-बावीस घरं. आपल्या माणसांना आडनाव ऐकलं की चैन पडत नाही. "सांदवलकर? सांदवल कुठे आलं?" शेवटी 'कर' आहे म्हणजे गाव हवंच! माझं त त प प. सुहासिनी हातात प्रसादाची वाटी घेऊन उभी होती, पटकन म्हणाली, "धरणात गेलं हो." सगळे चुकचुकले. विषय संपला. घरी येताना गाडीत आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पण मग ते चिकटलंच. मुलाला सांगितलं, नातीला सांगितलं. एकदा मंडळात एक गृहस्थ भेटले, त्यांचं गाव खरोखरच पाण्याखाली गेलेलं. माझा हात हातात घेऊन ते रडले. "तुम्हाला कळेल," म्हणाले. मी मान हलवली. त्या दिवशी घरी आल्यावर सुहासिनीशी बोललो नाही. माझी मलाच लाज वाटली. अजून वाटते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उत्तर आलं! नोंदवहीच्या पानाचा फोटोच पाठवला त्या भल्या माणसाने. कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेतलं, तीनदा वाचलं.

२१ जानेवारी १८२३. त्या काळी तिथे अनाथाश्रमाच्या भिंतीत एक लाकडी फिरतं चाक असायचं. बाहेरून त्यात बाळ ठेवायचं, चाक फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतल्यांना बाहेरचं तोंड दिसत नसे. नोंद अशी — 'पहाटे घंटा वाजली. चाकात मुलगा, अंदाजे दोन दिवसांचा. अंगाला निळ्या रेघांचं जुनं फडकं, डोक्याला टोपी नाही. बाहेर दंव गोठलेलं. मी त्याला जुझेप्पे हे नाव आणि ब्रिनाल्बा हे आडनाव देतो.' खाली कारकुनाची सही.

मी त्याला आडनाव देतो!

त्याआधी जगात ब्रिनाल्बा नव्हते. एकही नाही. मेल पाठवणाऱ्याने सगळ्या वह्या तपासल्या आहेत. जुझेप्पे जगला, दगड फोडण्याचं काम केलं, लग्न केलं, नऊ मुलं झाली, पाच वाचली. आणि त्या पाचांतून ब्राझील, अर्जेंटिना, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया, वूस्टर. मी आयुष्यभर पाण्याच्या पाइपलाइनी आखल्या. शहरातल्या हजार नळांचं पाणी मागे मागे नेलं तर एका विहिरीशी पोचतं, हे मला नवीन नाही. पण इथे मागे गेलो तर विहीर नाही. टोपीसुद्धा नसलेलं दोन दिवसांचं पोर!

असली बहुतेक पोरं तेव्हा महिन्याभरात दगावत. हे दगावलं असतं तर तो अख्खा नकाशा कोरा.

आज सारखा खिडकीबाहेर बघत बसलोय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फिलोमेनाबाईंना सांगायची हिंमत होत नाही. राजवाडा मागितला होता त्यांनी. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

१९ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

त्या ढालीखालच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी मान वळवून ढालीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, म्हातारीचं मन मोडलं मी. मग विचारलं काय? — "त्याला थंडी वाजली असेल का रे?"

मी टोपीची ओळ पुन्हा वाचून दाखवली.

"आणि त्याला आत कोणी घेतलं? नाव आहे?" होतं. घंटा ऐकून उठलेल्या बाईचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं. त्यांनी ते दोनदा मोठ्याने म्हटलं. मग म्हणाल्या, "राजाच्या पोटी येऊन हजार माणसं होणं सोपं आहे. याच्याजवळ टोपीपण नव्हती, आणि बघ काय केलंन पोराने!" डोळे असे चमकत होते! मी ढाल उतरवू का विचारलं. "राहू दे. मागे भिंतीला डाग आहे."

आणि मग मीच रडायला लागलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लोकांच्या दिवाणखान्यात! "तुला काय झालं?" म्हणाल्या. सांगून टाकलं. आश्रम, गुरुजी, फॉर्म, धरण, पिन, सगळं. सुहासिनीनंतर पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. त्यांनी सूप गरम करून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझ्या मुलाला सांग. मी शहाऐंशी वर्षं चुकीच्या सिंहाकडे बघत बसले. त्याला बसवू नकोस."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. व्हिडिओवर सगळे नटून-थटून. सणाच्या दिवशी कसं सांगायचं? नाही सांगितलं. भित्रा कुठला!

२६ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं. व्हिडिओ कॉलवर, थेट. "निमिष, पिन नाही पाठवू शकत. गाव नाहीये." पुढचंही सगळं.

मला वाटलं होतं वाईट वाटेल त्याला. तो चिडला. "आईला माहीत होतं?" हो म्हटलं. "बाबा, मी चौथीत हेरिटेज डेला त्या धरणाचं चित्र काढून नेलं होतं. पाण्याखाली देऊळ. तुम्ही ते फ्रिजवर लावलंत! यू बोथ लेट मी!" खरंच लावलं होतं. त्याने कॅमेरा बंद केला.

उर्वी मात्र स्क्रीनवर तशीच. तेरा वर्षांची पोर, गालावर हात. "आजोबा, सो यू आर द फर्स्ट वन? लाइक, एव्हर?" हो, म्हटलं. मग तिला जुझेप्पेची गोष्ट सांगितली. चाकाची, फडक्याची, नकाशाची. तिनेही तस्साच आ केला.

छातीवरचा धोंडा उतरला असं म्हणतात. माझा तर वाढलाय. पोरगं बोलत नाही म्हणजे काय असतं ते आज कळलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

निमिषचा फोन नाही. फिलोमेनाबाईंनी ब्राझीलच्या तीन ब्रिनाल्बांना पत्रं लिहिली आहेत, हाताने. पत्ते मी चिकटवले. इंग्रजीत लिहिलीत, त्यांना कळणार कसं, विचारलं. "शेजारी इंजिनियर असेल कोणीतरी," म्हणाल्या.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी निमिषचा मेसेज — "तिकिटं तशीच ठेवलीत. कुठे जायचं ते तुम्ही सांगा. आश्रम अजून आहे का?" एवढंच. मी तो दहादा वाचला. आहे, असं लिहिलं.

संध्याकाळी उर्वीचा फोन. तिने त्या साइटवर सांदवलकर घातलं! मी पंधरवडाभर ब्रिनाल्बांत बुडालेलो, पण स्वतःचं नाव घालायचं धाडस झालं नव्हतं. काय दिसणार? श्रूजबरीला एक, बेलव्ह्यूला तीन.

"आजोबा, देअर आर मोअर. इथे अमेरिकेतच, पार्सिपनीत चार आहेत. इंडियात सेव्हन."

अशक्य! म्हटलं, साइट चुकली असेल. गुरुजींनी ते नाव माझ्यासमोर हवेतून काढलं होतं. पोरगी ऐकते कुठली? "मी ऑलरेडी ईमेल केली त्यांना. लिहिलं, माझ्या आजोबांना हे नाव आश्रमात मिळालं, तुम्हाला कुठे मिळालं?"

अगं बाई! कोणी खरा सांदवलकर निघाला, खऱ्या गावाचा, तर काय तोंड दाखवू त्याला?

२ नोव्हेंबर, रविवार

पार्सिपनीहून फोन. यतीन सांदवलकर, वय एकोणपन्नास. आमच्याच आश्रमातला. अमेरिकेत आल्यावर मी गुरुजींना एक पत्र टाकलं होतं, एकच, मग लाजेने कधी लिहिलं नाही. त्या वर्षी आश्रमात आलेल्या तीन बेनाम पोरांना गुरुजींनी माझं आडनाव दिलं. "म्हणायचे, हे नाव पोराला लाभलंय, आणखी देऊ या." तिघांची आता मुलंबाळं धरून अकरा माणसं झाली आहेत. मग म्हणाला, "काका, आम्ही लहानपणापासून तुम्हाला ओळखतो. घरात सगळ्यांत मोठे तुम्हीच."