मूळ नकाशात नसलेलं दार

शनिवार पेठ, पुणे
४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सत्यशीलाआत्यास,
हेमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तू लावत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या जुन्या सरकारी हॉस्पिटलच्या दुरुस्तीचं काम मला मिळालं, गं! ज्या बाळंतिणींच्या वॉर्डात तू सिस्टर म्हणून उभा जन्म काढलास, तिथेच मी सध्या धूळ खाते आहे. दगडी कमानी, उंच खिडक्या, सागवानी छत, सगळं पहिल्यासारखं करायचंय. मागच्या भिंतीत कुणीतरी खिडकी फोडून दार केलंय, अगदीच विजोड. महिनाअखेरीस ते बुजवून मूळची खिडकी बसवणार.

आई बरी आहे. गुडघा सांभाळ.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
हेमा


विश्रांतवाडी, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

विजोड म्हणे! अगं बाई, ते दार आम्ही सिस्टरांनी भांडून करून घेतलंय. वॉर्डातून बाहेर पडायला एकच वाट होती, पाळण्यांच्या रांगेमधून. मूल गेलेल्या बाईलाही घरी जाताना तिथूनच जावं लागे, बाकीच्यांची बाळं बघत. मला ते बघवेना. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या हात धुऊन मागे लागलो, तेव्हा कुठे खिडकीचं दार झालं. मग अशा बाईला आम्ही मागच्या बागेत न्यायचो आणि तिचं रडून होईपर्यंत रिक्षा थांबवून ठेवायचो.

परवा तुझी आई येऊन गेली. तिला विचारूनच लिहिते. तुझ्याआधी तिला एक मूल झालं होतं, माझ्याच हातावर; ते जगलं नाही. त्या दारातून मीच तिला बाहेर नेलं. नकाशात नसेना का, ते दार बुजवू नकोस, राणी. मी रागावलेली नाही. रडत बसू नकोस, वेळेवर जेव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आत्या


शनिवार पेठ, पुणे
२० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास सा. न.

दार राहिलं. ते मूळ नकाशात नाही असं मीच सगळ्यांना पटवलं होतं, आता मलाच उलटं पटवावं लागलं. दुरुस्तीच्या कामावरचे साहेब चिडले, पण ऐकलं.

काल आईला घेऊन गेले. काही विचारलं नाही, नुसतं दार उघडून दिलं. ती बाहेरच्या पायरीवर बसली, मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, मुलगा होता, कान अगदी तुझ्या बाबांसारखे. तिने मनातल्या मनात त्याचं नावही ठेवलं होतं, श्रीनिवास. इतकी वर्षं ती ते कुणाशी बोलली नव्हती, गं. आम्ही दोघी खूप रडलो.

त्याला हातात घेतलेल्या तुम्ही दोघीच. कान आईने सांगितले. बाकी माझा दादा कसा होता, ते तू लिही.

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
हेमा